मॉन्टलेकच्या काठी वल्ह्यांची शाळा

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातील सिअ‍ॅटल हे शहर मराठी कुटुंबांना आता परके राहिलेले नाही. संगणकक्षेत्रातील मोठ्या कंपन्यांमुळे मुले तेथे स्थिरावली आणि त्यांच्यामागून आजी-आजोबांचेही चार-सहा महिन्यांचे मुक्काम सुरू झाले. अशा मुक्कामात दिवस लांबट वाटतो. घरची मंडळी कामाला जातात, नातवंडे शाळेत जातात, आणि मागे उरलेल्या शांततेचे काय करावे हे कळेनासे होते. पाहण्याजोगी ठिकाणे विचारली तर स्पेस नीडलचा मनोरा, पाइक प्लेसचा बाजार, निरभ्र दिवशी दिसणारे रेनियरचे हिमशिखर ही नावे हमखास सांगितली जातात. त्या यादीत मी आणखी एका जागेची भर घालीन. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या दक्षिण कडेने जाणारा मॉन्टलेकचा कालवा ही ती जागा. तेथे तिकीट नाही, रांग नाही. फक्त पहाटे उठण्याची तयारी हवी, आणि ती आपल्या वयाच्या माणसांपाशी बहुधा असतेच.

हे विद्यापीठ १८६१ साली स्थापन झाले आणि १८९५ साली आजच्या जागेवर आले. त्याच्या पूर्वेला लेक वॉशिंग्टन हे विस्तीर्ण सरोवर आहे, तर नैर्ऋत्येला पोर्टेज बे ही लहानशी खाडी. या दोन पाण्यांना जोडण्यासाठी मधली जमीन कापून कालवा काढला. १९१६ साली तो खुला झाला, तेव्हा मोठ्या सरोवराची पातळी सुमारे नऊ फुटांनी खाली आली. कालव्यावर १९२५ साली बांधलेला पूल आहे. उंच शिडांची जहाजे आली की तो मधोमध दुभंगून वर उचलला जातो. पुलाच्या पदपथावर उभे राहिले की कालव्याच्या सिमेंटच्या भिंतींवर निरनिराळ्या चमूंनी रंगवलेली चिन्हे दिसतात. पाण्यावर धुके असते. मग त्या धुक्यातून एकच आवाज येतो. आठ वल्हे पाण्यात शिरतात, पण कानावर पडतो तो एकच ठोका. पाठोपाठ एक लांब, निमुळती नाव पुलाखालून सरकत निघून जाते.

ही विद्यापीठाची आठ जणांची नाव. लांबी साठ फुटांच्या आसपास, रुंदी जेमतेम दोन फूट. एकेका विद्यार्थ्याच्या हाती एकेक वल्हे. आठही जण गंतव्याकडे पाठ करून बसतात. पुढे काय आहे ते त्यांना दिसत नाही, मागे सोडलेले पाणी तेवढे दिसते. पुढचे पाहते ती एकच व्यक्ती. नववी, अंगाने लहान, सुकाणू हाती धरून बसलेली. तिला कॉक्स म्हणतात. बाजूने मोटरबोटीतून प्रशिक्षक जात असतात. ते फार बोलत नाहीत. जे बोलतात ते बहुतेक वेळा एकाच गोष्टीविषयी असते, आणि त्या एका गोष्टीसाठीच हा लेख लिहीत आहे.

शरीर समजून घेणारा शिक्षक

येथील नौकानयनाची परंपरा ज्याच्यापासून घडली तो हायरम कॉनिबेअर १९०७ साली विद्यापीठात प्रशिक्षक झाला, तेव्हा त्याला वल्हवण्याचे काहीच ज्ञान नव्हते. खेळाडूंच्या शरीराची निगा राखणे हा त्याचा मूळ व्यवसाय. त्याने आपल्या परीने मार्ग काढला. प्रयोगशाळेतून मानवी सांगाडा मागून आणला, तो नावेतील आसनासारख्या बैठकीवर बसवला आणि वल्हे ओढताना कोणता सांधा कसा वाकतो, पाठीच्या कण्यावर भार कोठे येतो हे तो पाहू लागला. इंग्लंडमध्ये रूढ असलेली पद्धत कमरेतून फार मागे झुकण्याची होती. कॉनिबेअरने ते झुकणे कमी केले आणि शरीराला सोसेल अशी पद्धत शोधली. पुढे तिचा प्रभाव अमेरिकेतील अनेक विद्यापीठांवर पडला. १९१७ साली आपल्या अंगणातील प्लमच्या झाडावरून पडून त्याचा मृत्यू झाला. आज विद्यापीठाच्या नौकागृहाला त्याचेच नाव आहे.

त्यानेच १९१२ साली कॅनडातील व्हँकूव्हर येथे दोन तरुण इंग्रज भावांना गाठले आणि सिअ‍ॅटलला येण्यासाठी राजी केले. त्यांपैकी जॉर्ज पोकॉक हा नावा बांधणाऱ्या घराण्यातला. त्याचे वडील इंग्लंडमधील ईटन या शाळेसाठी नावा बांधीत. जॉर्जने येथील तांबूस देवदाराच्या लाकडातून इतक्या हलक्या आणि चपळ नावा घडवल्या की देशभरातील महाविद्यालये त्या मागवू लागली. पहिल्या महायुद्धात नौदलाच्या विमानांसाठी बांधलेली एक लाकडी इमारत विद्यापीठाने नौकागृह म्हणून वापरली. तिच्या वरच्या भागात पोकॉकची कार्यशाळा होती. कालव्याच्या तोंडाशी ही जुनी इमारत अजून उभी आहे.

निवड कशी होते

महाविद्यालयात येण्यापूर्वी ज्याने वल्ह्याला कधी हातही लावलेला नाही अशा मुलामुलींना या खेळात घेण्याची प्रथा येथे जुनी आहे. १९३३ सालच्या शरद ऋतूत पहिल्या वर्षाची पावणेदोनशे मुले नौकागृहासमोर जमली होती. त्यांत लाकूडतोड्यांची, शेतकऱ्यांची, कोळ्यांची मुले होती. बहुतेकांना नाव ठाऊक नव्हती. त्यांना प्रथम अरुंद नावेत बसवलेच नाही. ‘ओल्ड नीरो’ नावाचा एक रुंद, सपाट तराफा होता. त्यावर सोळा जण बसत आणि मधल्या वाटेने प्रशिक्षक फिरत फिरत एकेकाचा हात, पाठ, गुडघे नीट करीत. बुडण्याची भीती गेल्यावर शिकणे सुरू होते, हे त्या काळीही लोकांना माहीत होते.

आज तराफ्याची जागा पुष्कळ अंशी व्यायामयंत्रांनी घेतली आहे. उंची, हातापायांची लांबी, दमश्वास यांची मोजमापे यंत्रावर घेता येतात. पण यंत्रावरचा आकडा हा निवडीचा आरंभ असतो. चमूत कोणाला घ्यावे हे ठरवण्याची खरी रीत वेगळीच आहे. चार-चार जणांच्या दोन नावांची शर्यत लावतात. मग दोन्हींतून एकेकाची अदलाबदल करतात आणि पुन्हा शर्यत लावतात. बाकी सारे तेच. पहिल्या आणि दुसऱ्या शर्यतीतील अंतरात जो फरक पडला तो त्या दोघांतला फरक. यात कितीदा असे दिसते की यंत्रावर सर्वांत बलवान ठरलेला तरुण ज्या नावेत जातो ती नाव मंदावते, आणि यंत्रावर मध्यम असलेली व्यक्ती ज्या नावेत बसते ती नाव हलकी होऊन धावते. म्हणजे गुणवत्ता मोजायची ती आपल्यामुळे इतरांचे वल्हे किती सोपे झाले यावर.

वल्ह्याचे दोन भाग

आता प्रशिक्षकांच्या त्या एका गोष्टीकडे येऊ. वल्हवण्याच्या प्रत्येक आवर्तनाचे दोन भाग असतात. पहिल्या भागात वल्हे पाण्यात असते. पाय ताठ होतात, मग पाठ उघडते, शेवटी हात छातीकडे येतात. पुष्कळांना वाटते की ही ताकद दंडांची आहे. प्रत्यक्षात तिचा मोठा वाटा मांड्यांचा असतो. दुसऱ्या भागात वल्हे पाण्याबाहेर असते आणि चाकांवर सरकणाऱ्या आसनावरून शरीर पुन्हा पहिल्या जागी परत येते. ओढणे जलद असते, परतणे सावकाश. सरावात ओढण्याला एक मात्रा लागली तर परतण्याला दोन किंवा त्याहून अधिक लागाव्यात असे शिकवतात.

नवशिक्याची चूक नेहमी या परतीतच होते. ओढताना तो जीव तोडून ओढतो आणि पुढच्या ओढीच्या घाईत धाडकन परत येतो. नाव हलकी असते. त्यामुळे आठ माणसांचे वजन एकदम एका दिशेने सरकले की ती उलट अडखळते. ओढून कमावलेला वेग घाईच्या परतीत गमावला जातो. याउलट परतताना शरीर सैल, श्वास पूर्ण, हालचाल शांत असली की त्या क्षणांत नाव स्वतःहून पुढे वाहत राहते. म्हणून या तरुणांना मुद्दाम परतीच्या मध्यावर थांबण्याचा सराव देतात. आठही जण थांबतात, वल्ह्यांवरून थेंब गळतात, नाव पुढे जातच असते. कधी डोळे मिटून वल्हवायला सांगतात. मग कानांनी, आसनातून येणाऱ्या हलक्या धक्क्याने शेजाऱ्याची लय ओळखावी लागते.

पुलावरून हे पाहताना मला आपल्याकडचे जाते आठवले. समोरासमोर बसून एकच खुंटा धरणाऱ्या दोघी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. एकीने घाई केली तर दुसरीच्या खांद्याला हिसका बसे. म्हणून ओवीची लय असे, आणि त्या लयीत पहाटेपासून दळण चाले.

आजारी सोबत्याला बरोबर घेऊन

१९३३ साली जमलेल्या त्या मुलांपैकी काही, आणि त्यांच्या मागच्या-पुढच्या वर्षांतील काही, अशा नऊ जणांचा चमू १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकला गेला. प्रशिक्षक होते अल अल्ब्रिकसन. नाव पोकॉकने बांधलेली, ‘हस्की क्लिपर’. चमूची लय ठरवणारा डॉन ह्यूम जर्मनीत पोहोचल्यावर श्वसनाच्या विकाराने आजारी पडला. प्रशिक्षकांनी त्याच्या जागी दुसरा तरुण बसवण्याचे ठरवले होते. तेव्हा इतर मुले त्यांच्याकडे गेली आणि ह्यूमच आम्हाला हवा असा आग्रह त्यांनी धरला. अशक्त असला तरी त्याच्या लयीने आम्ही वल्हवू शकतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

१४ ऑगस्ट रोजी ग्रूनाउ येथे अंतिम शर्यत झाली. त्यांच्या वाट्याला वाऱ्याच्या माऱ्यातील बाहेरची पट्टी आली. निम्मे अंतर उलटले तरी ते मागेच होते आणि ह्यूमचे भान हरपत चालले होते. सुकाणू धरणाऱ्या बॉबी मॉकने त्याला सावध केले, आवर्तनांची गती वाढवत नेली आणि ६ मिनिटे २५.४ सेकंदांत त्यांनी अंतर पार केले. इटलीला ६ मिनिटे २६ सेकंद लागले, जर्मनीला ६ मिनिटे २६.४ सेकंद. म्हणजे सुवर्ण आणि कांस्य यांत एका सेकंदाचे अंतर.

क्रीडेच्या इतिहासात ही शर्यत विजयासाठी लक्षात ठेवली जाते. घरात आजारी माणूस असलेल्यांना तिचा दुसरा अर्थ दिसावा. दुबळा झालेला सोबती बाजूला न काढता त्याच्याच लयीने पुढे जाण्याचे धैर्य त्या आठ जणांनी दाखवले. आजोबांना हाताला धरून फिरायला नेताना आपण बहुधा याच्या उलट करतो. आपली चाल ठरवतो आणि त्यांचा हात किंचित ओढतो. त्या ओढीने त्यांचा तोल जाण्याचा संभव असतो. चाल त्यांची, आणि त्यांच्या चालीत आपण, असे ठेवले तर फिरणे लांबते आणि दोघांनाही थकवा कमी येतो.

परतीचा काळ कोणाचा

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी या शाळेतील सर्वांत मोलाचा धडा परतीचा आहे. अंथरुणाला खिळलेल्या आई-वडिलांची, विस्मरण झालेल्या जोडीदाराची काळजी घेणारी व्यक्ती, आणि आपल्या घरांत ती बहुधा सून, मुलगी किंवा पत्नी असते, सतत ओढतच असते. दुपारी तासभर डोळा लागला तरी तिला अपराधी वाटते. कोणी दोन दिवस बदली येतो म्हटले तर ‘माझ्याशिवाय त्यांचे चालत नाही’ असे ती सांगते. त्यात प्रेम असते, पण परत न येता पुन्हा ओढणारा हात फार काळ टिकत नाही. झोप तुटते, पाठ धरते, रक्तदाब वाढतो, बोलण्यात चिडचिड येते आणि त्याचा त्रास शेवटी रुग्णालाच होतो. विसावा हा सेवेच्या आवर्तनाचाच अर्धा भाग आहे, असे मानून तो वेळापत्रकात लिहून ठेवावा. आठवड्यातील दोन दुपारी घरातील दुसऱ्या कोणी किंवा विश्वासू मदतनिसाने जबाबदारी घ्यावी. या दुपारी ठरलेल्या असाव्यात. ‘जमेल तेव्हा’ म्हटलेला विसावा सहसा जमत नाही.

ज्येष्ठांसाठी एक मात्रा, दोन मात्रा

सत्तरीत नाव वल्हवावी का, असा प्रश्न कोणी विचारील. जगात ज्येष्ठांच्या नौकानयनाच्या स्पर्धा होतात, आणि त्यांतील वयोगट सत्तावीस वर्षांपासून सुरू होऊन ऐंशीच्याही पुढे जातात. पोर्टेज बेच्या काठी पोकॉकच्या नावाने चालणाऱ्या केंद्रात पांढऱ्या केसांची मंडळी पहाटे नावा उचलताना दिसतात. त्यांतील अनेकांची सवय जुनी असते. आपल्याकडे व्यायामशाळेत वल्हवण्याचे यंत्र मिळते. त्यात धावण्यासारखे धक्के गुडघ्यांना बसत नाहीत हा लाभ आहे. मात्र पाठ गोल करून ओढल्यास कमरेवर ताण येतो. हृदयविकार, हाडांची ठिसूळता, पाठीचे दुखणे किंवा सांधेबदलाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांच्या सल्ल्यावाचून त्या यंत्रावर बसू नये.

यंत्र नसले तरी वल्ह्याची लय घरच्या खुर्चीवर आणता येते. हात टेकायला दांडे असलेली भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. पावले जमिनीवर सपाट ठेवून दोन अंक मोजत उठावे आणि चार अंक मोजत बसावे. उठताना श्वास सोडावा, तो कोंडून धरू नये. उतारवयात बसताना आपण अंग सोडून देतो आणि खुर्चीत आदळतो. सावकाश बसण्यात मांड्यांच्या स्नायूंना जो व्यायाम होतो तोच पुढे जिना उतरताना, शौचालयातून उठताना कामी येतो. पाच वेळांपासून आरंभ करावा. उठल्यावर लगेच पाऊल न टाकता काही क्षण उभे राहावे, म्हणजे रक्तदाब एकदम उतरून घेरी येण्याचा धोका टळतो. छातीत दुखणे, धाप किंवा चक्कर जाणवल्यास तत्काळ थांबावे आणि डॉक्टरांना कळवावे. तोल जाण्याची सवय असलेल्यांजवळ कोणीतरी उभे असावे, आणि अंक मोजण्याचे काम त्या व्यक्तीने करावे. जागतिक आरोग्य संघटनेने पासष्टीपुढील व्यक्तींसाठी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद यांचे व्यायाम सुचवले आहेत. खुर्चीचा हा व्यायाम त्यात सहज बसतो.

पन्नास वर्षांनंतर

‘हस्की क्लिपर’ आज कॉनिबेअर नौकागृहातील भोजनकक्षात छताला टांगलेली आहे. तिच्याखाली बसून आजचे विद्यार्थी जेवतात. १९८६ साली, विजयाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, त्या चमूतील हयात सोबत्यांनी ती पाण्यात उतरवली होती. सारे सत्तरीतले. छायाचित्रकारांना वाटत होते की कोणीतरी पाण्यात पडणार. कोणी पडले नाही. बॉबी मॉकने पूर्वीसारखाच कर्णा लावून आज्ञा दिल्या आणि म्हाताऱ्या हातांनी ती नाव सरोवरात नेऊन परत आणली.

त्यांतील जो रँट्झ हा मुलगा पंधराव्या वर्षी घरच्यांनी एकटा मागे ठेवून दिलेला होता. कोणावरही विसंबायचे नाही अशी त्याची वृत्ती झाली होती, आणि त्या नावेत विसंबायला शिकणे हेच त्याचे सर्वांत कठीण शिक्षण ठरले. २००७ साली, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी तो गेला. अखेरचे महिने तो मुलीच्या घरी होता. तिने त्याची शुश्रूषा केली, त्याला पुस्तक वाचून दाखवले आणि त्या पुस्तकाच्या लेखकाला, शेजारी राहणाऱ्या डॅनियल जेम्स ब्राउन यांना, वडिलांना भेटायला बोलावले. त्या भेटींतून २०१३ साली ‘द बॉइज इन द बोट’ हे पुस्तक आले. केवळ माझ्याविषयी लिहू नका, नावेविषयी लिहा, असे त्या वृद्धाचे म्हणणे होते. आजारी वडिलांच्या आठवणी ऐकायला मुलीने वेळ काढला नसता तर ही कथा त्यांच्याबरोबरच गेली असती. आपल्याही घरातील खाटेवर अशा कथा पडून असतात. औषधे देऊन झाल्यावर थोडा वेळ खुर्ची ओढून बसण्याचे निमित्त म्हणून एवढे पुरेसे आहे.

सिअ‍ॅटलला जाणाऱ्यांनी शक्य तर एप्रिल-मे गाठावे. विद्यापीठाचे चमू शरदापासून जूनच्या आरंभापर्यंत पाण्यावर असतात. मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी होणाऱ्या विंडरमिअर चषकाच्या शर्यती १९८७ पासून याच कालव्यात संपतात आणि काठावर मोठी गर्दी होते. गर्दी सोसत नसेल त्यांनी आठवड्यातील साधा दिवस निवडावा. शहरी रेल्वेचे स्थानक विद्यापीठाच्या क्रीडांगणालगत आहे आणि तेथून पूल जवळ आहे. सकाळी गारवा असतो, म्हणून कानटोपी, जाड मोजे आणि न घसरणारी पादत्राणे जवळ ठेवावीत. नाव येईपर्यंत थांबावे लागते. ती आली की वल्ह्यांच्या ओढीपेक्षा दोन ओढींमधल्या शांत वेळेकडे लक्ष द्यावे. नाव तेव्हाही पुढे जात असते.